गावी परतलोय, जमिनीची एजंटगिरी सुरू करतोय (देवगड-मालवण पट्टा). अनुभवी लोकांनी सांगा

कातळवाट
१४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

वय ३६. पुण्यात अकरा वर्षं विम्याच्या विक्रीत होतो, मार्चमध्ये नोकरी गेली. आई गावी एकटी, त्यामुळे तसाही जीव इकडेच होता. सामान टेम्पोत टाकलं आणि आलो. गाव आचरा आणि मिठबाव यांच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण अर्धा गाव इथे वाचतो आणि उरलेल्या अर्ध्याला वाचून दाखवतो.

घरची चाळीसेक हापूसची कलमं आहेत. पण यंदाच्यासारखा मोहोर गळला तर फवारणीचे पैसेही सुटत नाहीत. मे महिन्यात आम्ही पडवीत बसलेलो असताना तीन वेगवेगळ्या दिवशी तीन गाड्या थांबल्या. काच खाली, प्रश्न एकच: "इथे समुद्राजवळ जागा मिळेल का?" तिसरी गाडी गेल्यावर आईच म्हणाली, हेच का करत नाहीस?

विक्री मला येते. माणसं ओळखीची आहेत. ओसाड जागा तर चारी बाजूंना पडल्यात, मालक परळला नाहीतर विरारला. परवाना लागतो का? टक्के किती घ्यायचे? हाताशी किती पैसे हवेत? पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

सोलकढी_हवीच
१४ जून, रात्री १०.०२

फणसाचे तळलेले गरे घेऊन बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

तिरफळ
१४ जून, रात्री ११.५५

बरां झाला इलंस. आता ऐक.

वेंगुर्ला-शिरोडा बाजूला १७ वर्षं हाच धंदा करतोय. "विक्री मला येते" हे वाक्य पहिलं पूस. इथे विकावं लागत नाही. मोपाच्या विमानतळाचं डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, तेव्हापासून आमच्याकडे गोव्याच्या बाजूनेही पार्ट्या येतात. तुमच्याकडे चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे. गिऱ्हाईक येतंच, माल नसतो. माल म्हणजे जमीन नव्हे, विकता येईल अशी जमीन.

तुला जी जागा ओसाड दिसते ती ओसाड का आहे, कधी विचारलंस? सातबारा काढ, पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. वर पणजोबाचं नाव. खाली सामायिकात बावीस जणं, त्यातली नऊ मयत. दोन आत्यांची नावं कधी चढलीच नाहीत. एक चुलता १९८० साली मुंबईला गेला तो गेलाच. यातला एक जरी सहीला आला नाही तर गाडीतली पार्टी पुढच्या गावात.

माझी पहिली जागा ३८ गुंठ्यांची. १९ सह्या, अडीच वर्षं. त्या काळी गुंठा ४० हजारांनी गेला, दोन्हीकडून दोन-दोन टक्के मिळून हातात ६० हजार ८०० आले. त्याला तीस महिन्यांनी भाग, आणि त्यातून दादरच्या खेपांचं भाडं वजा कर. तेव्हा मी रिक्षा विकली नव्हती म्हणून टिकलो. पहिलं वर्ष शून्य धरून चाल, दुसरं वर्षही जवळपास तसंच. कलमं सोडू नकोस.

आता टक्के. पुस्तकी उत्तर दोन टक्के. पण मालक तुला दुसरंच सांगणार: "माका गुंठ्याक पन्नास हातात दी, वरचे तुझे." गोड वाटतं. पार्टीला सत्तर सांगायचे, मधले वीस आपले. मी सुरुवातीला दोनदा घेतले. पण मालक आणि पार्टी शेवटी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर एकाच टपरीवर चहाला उभे राहतात, आणि आकडा तिथे फुटतो. दुसऱ्या वेळी त्या मालकाच्या म्हाताऱ्या आईने मला भर मच्छीबाजारात गाठलं. हातात बांगड्यांचा वाटा, आणि चारचौघांत विचारलं, "माझ्या माडांचे किती खाल्लंस रे झिला?"

पुढची चार वर्षं त्या वाडीतून मला एक सातबारा मिळाला नाही.

कातळवाट
१५ जून, सकाळी ७.१५

@तिरफळ, दंडवत. रात्रभर झोप नाही. आमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते आत्ता पाहिलं. सतरा. मला सात माहीत होती.

काळा_कोट
१५ जून, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो, निम्मं काम जमिनीचं.

परवान्याचा गोंधळ आधी संपवतो. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात एजंटची नोंदणी आहे, पण ती रेराखाली येणाऱ्या प्रकल्पातले फ्लॅट, प्लॉट विकण्यासाठी. शेतकऱ्याची सुटी शेतजमीन दुसऱ्या शेतकऱ्याला विकून देताना ती लागत नाही. पण उद्या कोणी बिल्डर तुमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) बंगल्यांचे प्लॉट पाडेल आणि म्हणेल "भाऊ, पाच विकून दे". त्या क्षणी नोंदणी लागते. नसेल तर दिवसाला १० हजार दंड, सदनिकेच्या किंवा प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. महारेराने आता प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. एकट्या माणसाला फी १० हजार, पाच वर्षांसाठी. माझं मत विचारशील तर करून टाक. अभ्यास म्हणून तरी कर.

आता तुझ्या तिन्ही गाड्यांना पहिला प्रश्न हा विचारायचा: तुमच्या नावावर शेतजमीन आहे का? कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. पुण्याच्या निम्म्या पार्ट्या इथेच गळतात, आणि गळाव्यात. "दाखला करून घेऊ" म्हणणाऱ्याच्या सावलीला उभा राहू नकोस. कसला दाखला आणि कसा करून, ते मी कोर्टात रोज पाहतो.

दुसरं, सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना आधी वाच, मालकाचं नाव नंतर. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, खाजगी वनाचा शेरा, देवस्थान, सगळं तिथे बसलेलं असतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसला की थांब. तसंच सावंतवाडी तालुक्यातली आंबोली, गेळे, चौकुळची कबुलायतदार गावकर जमीन (गावाची सामायिक, मालकीचा वाद असलेली) "स्वस्तात मिळते" म्हणून कोणी तुझ्या गळ्यात मारायला आला तर नम्रपणे चहा पाज आणि पाठव.

एका शेऱ्याला मात्र लोक उगाच घाबरतात. "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र." म्हणजे ही जमीन कुळाने कायद्याने विकत घेतलेली आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्रीचा रस्ता मोकळा होतो. आकार म्हणजे सारा, बाजारभाव नव्हे. माझ्या एका अशिलाचा आकार होता साडेतीन रुपये. चाळीस पट म्हणजे १४० रुपये. त्यासाठी त्याची जमीन अकरा वर्षं विक्रीविना पडून होती, कारण एका एजंटाने सांगितलं होतं की "यात कलेक्टरला लाखभर द्यावे लागतात".

सोलकढी_हवीच
१५ जून, दुपारी १.४८

१४० रुपये!! वाचनखूण साठवली.

घाटमाथा
१५ जून, संध्याकाळी ६.३०

सगळे सल्ले द्यायला उत्सुक दिसतात, म्हणून कडू बोलतो. कोकणाला आणखी एक एजंट नको आहे. नाणारला रिफायनरीची कुणकुण लागली तेव्हा आधी कोण पोचलं होतं? सागरी महामार्गाची रेघ नकाशावर सरकली की सातबारा गोळा करत कोण फिरतं? गावातलाच पोरगा पुढे असतो, कारण त्याच्यावर विश्वास असतो. दहा वर्षांनी त्याच गावात किनाऱ्यावर जायच्या पायवाटेला फाटक लागतं.

तिरफळ
१५ जून, रात्री ८.१०

@घाटमाथा, फाटकाचं खरं आहे, आमच्याकडेही लागलंय. पण मालक विकायला निघालाच असेल, आणि तो निघतो, तर बाहेरच्या दलालाने वीस हजार वर काढण्यापेक्षा गावच्या पोराने दोन टक्के घेतलेले काय वाईट? विकू नका सांगायला मी कोण? त्याच्या पोरीची फी मी भरणार आहे?

घाटमाथा
१५ जून, रात्री ८.४४

"दुसऱ्याने केलं असतं म्हणून मी केलं" हा बचाव फार जुना आहे. असो. त्या पायवाटेचं तरी बघ म्हणून त्याला सांगा.

निवृत्त_मोजणीदार
१६ जून, सकाळी ६.०५

पायवाटेचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी भूमी अभिलेखात ३१ वर्षं काढली. डोक्यावर इरलं घेऊन साखळी ओढण्यापासून आताच्या रोव्हर मशिनपर्यंत.

सातबारा सगळेच पाहतात, नकाशा कोणी पाहत नाही. सातबारा सांगतो किती आणि कोणाची. जमीन कुठे आहे ते नकाशा सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत एका सर्व्हे नंबरचे पंधरा-वीस हिस्से आहेत. मालक गडग्यावर (दगडी कुंपणावर) उभा राहून हात फिरवतो, "ह्या माडापासून त्या रायवळापर्यंत आपला." तो रायवळ आंबा भावाच्या हिश्शात निघतो. गडगा आजोबांनी घातला तेव्हा दोघे भाऊ एकाच ताटात जेवत होते, मापं कोण बघणार?

म्हणून तुला एक सवय लावून घ्यायला सांगेन. पार्टीला जागा दाखवण्याआधी मालकाकडून हद्द कायम मोजणी करून घे. मालक म्हणेल खर्च कशाला. तेव्हा त्याला सांग की मोजलेल्या जमिनीला भाव मिळतो आणि न मोजलेल्या जमिनीला वाद मिळतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. ते आले आणि गप्प उभे राहिले तर निम्मं काम झालं. ते भांडले तरी फायदाच, कारण भांडण पार्टी येण्याआधी झालं.

आणि वाट. गावनकाशावर पाणंद (सार्वजनिक शेतवाट) दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर बैलगाडी जायची, आंब्याचे टेम्पो जातात, या सगळ्याला "सोडलेली वाट" म्हणतात, आणि सोडणारा ती बंदही करतो. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, अडवलेल्या जुन्या वाटेसाठी त्यात दाद मागता येते. बांधावरून नवी वाट मागायची तर महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हींत अर्ज तहसीलदारांकडे. दोन्हींत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. पार्टीला "रोड टच" म्हणण्याआधी हे आठव.

जाता जाता: जागा भर जुलैत एकदा बघ आणि एप्रिलच्या शेवटी एकदा. जुलैत कळतं पाणी कुठे तुंबतं, एप्रिलमध्ये कळतं विहिरीचा तळ कधी दिसतो. खाडीकाठची असेल तर अमावास्येच्या उधाणाला जाऊन उभा राहा. नकाशा खोटं बोलला तरी भरती बोलत नाही.

पुणेरी_पाहुणा
१६ जून, सकाळी ११.३०

मी या गोष्टीतली "पार्टी". शेतकरी आहे, भोरला वडिलोपार्जित जमीन आहे, त्यामुळे काळा_कोट यांची चाळणी पार करतो. पाच वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात "सी टच" ११ गुंठे घेतले. एजंट मधाळ बोलायचा. वाळूत उभं राहून फोटो काढले, सूर्यास्त, सगळं. घराचा नकाशा करायला दिला तेव्हा आर्किटेक्टने विचारलं, "भरतीरेषेपासून किती मीटर?" मी म्हटलं, म्हणजे काय?

आजही तिथे फक्त माड आहेत. सुंदर आहेत. एका नारळाला मला अंदाजे आठ हजार रुपये पडलाय.

भरतीरेषा
१६ जून, दुपारी ४.१५

हे नाव घेऊन गप्प बसणं शोभणार नाही. मालवणात घरांचे नकाशे काढते.

सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, २०१९ ची अधिसूचना थोडक्यात. ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी. त्याहून विरळ असेल तिथे २०० मीटर. आता आपला सिंधुदुर्ग जिल्हा पाहा, घनता १६३. एखादं दाटीवाटीचं गाव सोडलं तर आपण २०० मध्येच येणार. ब्रोशरमध्ये ५० वाचून आलेल्या माणसाला हे समजावता समजावता माझा अर्धा तास जातो. खाडीकाठाला नियम वेगळा, ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं कमी असेल ते.

शिवाय कांदळवन (खारफुटी), वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालायची जागा यांना स्वतंत्र आणि कडक संरक्षण. कांदळवन हजार चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही धरावा लागतो. कांदळ तोडून "व्ह्यू" काढून देतो म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात एजंटही अडकतो.

आणि भरतीरेषा म्हणजे चालताना ओली वाळू संपते ती नव्हे. ती मंजूर नकाशावर आखलेली असते. खात्री हवी तर अधिकृत संस्थेकडून १:४००० चा नकाशा करून घ्यावा लागतो. स्वस्त नाही. पण @पुणेरी_पाहुणा यांच्या नारळांपेक्षा स्वस्त आहे.

कातळवाट, तुमच्याकडे सगळ्यांना पाणी हवं असतं. तुम्ही सड्यावरची जागा दाखवायला शिका. सड्याच्या कडेवरून समुद्र पूर्ण दिसतो, २०० मीटरची भानगड बहुतेक वेळा नसते, कातळात पायाला खर्च कमी. पाणी आणि वीज आणणं तेवढं महाग, तेही आधीच सांगायचं.

पुणेरी_पाहुणा
१६ जून, दुपारी ४.४०

@भरतीरेषा, तुम्ही पाच वर्षांपूर्वी कुठे होतात?

आखातात_मी
१६ जून, रात्री १०.२०

मूळ गाव कुणकेश्वरजवळ. २२ वर्षं मस्कतला. भारतीय पासपोर्ट आहे, परत येऊन छोटी बाग करायची इच्छा आहे. अनिवासी असताना शेतजमीन घेऊ शकतो का? इथला एक जण म्हणाला, काही होत नाही, घेऊन टाक.

काळा_कोट
१६ जून, रात्री १०.५५

नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही, फेमा (परकीय चलन कायदा) खाली मनाई आहे. वारसाने आली तर ठेवता येते. घर किंवा बिनशेती प्लॉट घेता येतो. बाग करायची तर कायमचे परत या, मग घ्या. तोवर वडिलांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंय का ते बघा, बहुधा लागलेलं नसेल.

माहेरची_वाट
१७ जून, दुपारी ३.०५

मी एजंट नाही, वकीलही नाही. ज्यांची नावं "कधी चढलीच नाहीत" असं वर सहज लिहिलंय, त्यांतली एक.

वडील गेले तेव्हा तलाठ्याकडे भावाने वारस नोंद केली. आम्ही तिघी बहिणी त्यात नव्हतोच. कोणी विचारलं नाही, आम्हीही नाही विचारलं. माहेर तुटेल म्हणून. दरवर्षी गौरीला जात होते, ओटी भरून घेत होते. तीन वर्षांपूर्वी गेले तर परड्यातला फणस नव्हता. नुसता फणस नाही, परडंच नव्हतं. चिऱ्याचं कुंपण आणि फाटक. आतून कोणीतरी विचारलं, "कोण पाहिजे?"

भाऊ म्हणाला, एजंट बोलला बहिणींचं काही लागत नाही. तो एजंट आमच्या वाडीतला. मी त्याला शाळेत असताना पाढे शिकवलेत.

कातळवाट, बाकीचे कायदे तुम्हाला हे लोक सांगतीलच. तुम्ही फक्त घरात गेल्यावर विचारा, "बहिणी किती?"

काळा_कोट
१७ जून, रात्री ९.३०

@माहेरची_वाट, कायद्याने तुमचा हक्क गेलेला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि वडील त्या तारखेला हयात असले-नसले तरी तो आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांची स्वतःची मिळकत असली तरी मुली वारस आहेतच. दाव्याची मुदत मात्र पळत असते, कागद घेऊन जवळच्या वकिलाला लवकर भेटा.

आणि एजंट लोकांसाठी: बहिणींना हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. फोनवर "ताईचं काही म्हणणं नाही" याला किंमत शून्य.

माहेरची_वाट
१८ जून, सकाळी ८.००

दावा लावायचा की गौरीला जायचं, एवढंच ठरत नाहीये.

कातळवाट
१८ जून, रात्री ११.१०

यावर काय लिहावं कळेना. मी आज आईला विचारलं, आपल्या सतरा नावांत आत्या का नाहीत? ती भांडी घासत होती, घासतच राहिली.

@तिरफळ, दोन प्रश्न. रोखीचं काय? आणि दोन गुंठ्यांच्या प्लॉटचं काय? कालच एक जण येऊन गेला. त्याला म्हणे वाडीतले ६० गुंठे घेऊन त्याचे दोन-दोन गुंठे पाडायचे आहेत, मला प्लॉटमागे २५ हजार.

तिरफळ
१९ जून, सकाळी ९.२५

त्या माणसाला आमच्याकडे "कटर" म्हणतात. माड कापत नाही, जमीन कापतो. साठेखतावर (विक्रीच्या नुसत्या करारावर) नाहीतर सामायिकात नाव घालून प्लॉट विकतो. दोन वर्षांनी तीस जणांचं एकच सातबारा, एकाच्या सहीसाठी बाकीचे एकोणतीस अडून. आणि तोवर कटर बेळगावला.

रोख घेऊ नकोस. तुझी दोन टक्केही खात्यात घे. कमी दिसतील, पण झोप लागेल.

काळा_कोट
१९ जून, दुपारी २.००

तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, त्याखालचा तुकडा पाडून विकता येत नाही. रहिवास वगैरे झोनमधल्या तुकड्यांसाठी अलीकडे सवलत आली आहे, पण तुझा सर्व्हे नंबर त्यात बसतो का हे झोन दाखला हातात आल्याशिवाय कोणाला सांगू नकोस.

रोखीचं म्हणशील तर स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मालकाला हे आधी सांग. म्हातारी माणसं विसारापोटी पिशवीतून आलेले पैसे घेतात, आणि नोटीस आली की तुझ्या दारात येतात.

कातळवाट
२८ सप्टेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

जूनपासून नऊ पार्ट्यांना जागा दाखवल्या. चार बिगरशेतकरी. दोघांना समुद्र पायाशीच हवा होता. एकाला जागा आवडली पण बायकोला जळवा आवडल्या नाहीत (जुलै, निवृत्त_मोजणीदार यांचा सल्ला!). उरलेले दोघे "कळवतो" म्हणालेत. व्यवहार शून्य. कटरला नाही म्हटलं. तो आता शेजारच्या गावात फिरतो आणि मी "शिकलेला पण बिनकामाचा" आहे असं सांगतो.

एक वही केलीय. आमच्या वाडीतले सगळे सर्व्हे नंबर, हिस्से, कोणाचं नाव, कोण कुठे राहतो, बहिणी किती आणि कुठे दिल्यात. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुरुषांना आठवत नाही. वाडीतल्या एका ८४ वर्षांच्या आजीला सगळं पाठ आहे, तीन पिढ्यांचं, कोणाची सून कोणत्या गावची यासकट. तिच्याकडे गेलं की पान जुळवून द्यावं लागतं, एवढीच फी.

गणपतीत आमच्या शेजारच्या घरात पाचही भाऊ एकत्र आले होते. त्यांची ५२ गुंठ्यांची जागा सड्याच्या कडेला, अगदी भरतीरेषा म्हणाल्या तशी. तिरफळला फोन केला तर म्हणाला, गणपतीत जमिनीचा विषय काढलास तर आरतीची ताटं फिरतील, गप्प रव. गप्प राहिलो. पण विसर्जनाच्या आदल्या रात्री भजन संपल्यावर त्यांच्या काकींनीच मला हाक मारली. "तू म्हणे नावां लावून देतंस?"

मी देत नव्हतो. पण हो म्हटलं. पाच भाऊ, तीन बहिणी, दोन मयत भावांची मुलं. मृत्यूचे दाखले गोळा करतोय, त्यातला एक मुंबई महापालिकेचा १९७१ चा. वारस नोंदीसाठी ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला. खर्च सोडून १२ हजार ठरलेत. विक्रीची बोलणी त्यानंतर.

तिरफळ
२८ सप्टेंबर, रात्री ९.१५

जळवांचा हसून हसून पुरे झाला. बाकी बरा चललास.

निवृत्त_मोजणीदार
२९ सप्टेंबर, सकाळी ५.५०

नोंद धरल्यावर नोटिशीचे पंधरा दिवस जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. मंजुरीनंतर फेरफाराची प्रत मागून घ्या आणि नावांचं स्पेलिंग तपासा. मी "दत्ताराम"चा "दत्तात्रय" झालेला पाहिला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत दत्ताराम गेले.

कातळवाट
१४ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

नावं लागली. दहाच्या दहा वारस, बहिणींसकट. मोजणीही झाली. हिस्स्याच्या एका कोपऱ्यात जुनी विहीर निघाली, ती शेजाऱ्याची आहे असं सगळे समजत होते. धाकट्या भावाने ती उपसली, पाणी आहे.

आणि काल रात्री पाचही भावांचा फोन, स्पीकरवर, सगळे एकदम बोलत होते. विकायची नाही असं ठरलंय. विहीर आपली आहे म्हटल्यावर काजू लावतायत. मोठ्या बहिणीने म्हणे पहिल्यांदा हट्ट केला, आणि आता तिचं नाव सातबाऱ्यावर असल्यामुळे तो ऐकावा लागला.

म्हणजे सहा महिने, १२ हजार रुपये आणि एक पिशवी ओले काजूगर (पुढच्या चार वर्षांत देतील असं आश्वासन).

घाटमाथा
१४ डिसेंबर, रात्री ८.०५

जूनमध्ये जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण ही बातमी आवडली.

सोलकढी_हवीच
१४ डिसेंबर, रात्री ८.२०

अहो पण मग तुमचं भागतंय कसं?

कातळवाट
१४ डिसेंबर, रात्री ८.४५

कलमांना यंदा मोहोर बरा आहे. आणि नोव्हेंबरपासून सात घरांनी नावं लावायला सांगितलंय, त्यातली दोन नंतर विकणार आहेत असं म्हणतात. म्हणतात.

वाडीवरचा_नवा
१५ डिसेंबर, सकाळी १०.१०

आजच सदस्य झालो, हा धागा कोणीतरी वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. आमचं गाव हिंदळे. आजोबांच्या नावावर अजून ३१ गुंठे आहेत, आजोबा १९९४ ला गेले. आम्ही ठाण्याला असतो. @कातळवाट, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, जमेल का बघा.

तिरफळ
१५ डिसेंबर, सकाळी १०.३२

त्याका आधी इचार, आत्यो किती.